संमतीच्या संबंधांवरची जुनी शिक्षा पुसायला किती खर्च?

इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ पर्यंत दोन पुरुषांचे संमतीचे संबंध हा गुन्हा होता. एकवीस वर्षांखालच्यांसाठी तो पुढेही गुन्हाच राहिला. तेव्हा शिक्षा झालेली माणसे आज उतारवयात आहेत आणि ती नोंद नोकरी किंवा स्वयंसेवेआधीच्या तपासणीत अजूनही आडवी येऊ शकते. ती पुसता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

फी : शून्य. ‘डिसरिगार्ड’चा, म्हणजे नोंद पुसण्याचा अर्ज होम ऑफिसकडे (ब्रिटिश गृहखात्याकडे) जातो. एजंटला पैसे देऊ नका.

पात्रता : संबंध संमतीचे असावेत, दुसरी व्यक्ती तेव्हा किमान १६ वर्षांची असावी आणि ते कृत्य आज गुन्हा नसावे. १३ जून २०२३ पासून कक्षा रुंदावली असून स्त्रियांनाही अर्ज करता येतो. पोलिसांनी नुसती ताकीद नोंदवली असेल तरी चालते. सार्वजनिक शौचालयातील कृत्य मात्र आजही गुन्हा आहे, त्यामुळे ते वगळले जाते.

कागदपत्रे : ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, त्या वेळचे नाव-पत्ता आणि खटल्याचा आठवेल तेवढा तपशील. पोलिसांकडची स्वतःची माहिती ‘एक्रो’ कार्यालयाकडून मोफत मागवता येते.

फायदा : मंजुरीनंतर ती शिक्षा झालीच नव्हती असे कायदा मानतो, माफीही मिळते. कुणी विचारले तरी सांगण्याचे बंधन उरत नाही. १३ जून २०२३ पूर्वी निधन झालेल्या पात्र व्यक्तींना माफी आपोआप मिळाली आहे.

खर्च कुठे संभवतो? अर्जासाठी वकील लागत नाही. नकार मिळाला तर परवानगी घेऊन हायकोर्टात अपील करता येते. तिथे मात्र वकिलाच्या फीचा अंदाज आधी लेखी घ्या.

इतर देश : स्कॉटलंडची योजना वेगळी आहे. कॅनडा आणि न्यूझीलंडमध्येही अर्ज मोफत असून मृताचे नातेवाईक अर्ज करू शकतात. कॅनडात कोर्टाच्या नकलांना पैसे पडू शकतात. जर्मनीने प्रत्येक शिक्षेमागे ३,००० युरो आणि तुरुंगातल्या प्रत्येक सुरू झालेल्या वर्षामागे १,५०० युरो भरपाई ठरवली.

भारत : सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांचे संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. प्रलंबित खटल्यात, अपिलात त्याचा आधार घेता येतो; निकाली प्रकरणे मात्र पुन्हा उघडली जात नाहीत. जुनी शिक्षा पुसण्याची अशी योजना आपल्याकडेही हवी.

परदेशात तुमच्या ओळखीत असे कुणी ज्येष्ठ असतील, तर अर्ज भरायला त्यांच्याशेजारी बसा. अन्याय सरकारचा होता. तो पुसण्यासाठी त्यांना एक पैसाही पडू नये.