प्रोग्रामची फेरफार नोंदवही

शेतजमिनीच्या हक्कात बदल झाला म्हणजे सातबारा उतारा थेट खोडून बदलला जात नाही. प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजेच फेरफार नोंदवहीत, नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारावर अंमल दिला जातो. विद्यार्थ्यांनी मिळून संगणकाचा प्रोग्राम लिहितानाही अशाच शिस्तीची गरज असते. तिला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात.

समजा, नळदुर्ग येथील चार विद्यार्थी तेथील किल्ल्याची माहिती देणारा प्रोग्राम लिहीत आहेत. एकाकडे बुरुजांची माहिती आहे, तर एका विद्यार्थिनीकडे बोरी नदीवरील बंधारा व त्यातील पाणी महाल यांची. फाईल पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते. ‘अंतिम’, ‘नवी अंतिम’ अशा प्रती वाढत जातात. एके दिवशी जुनी प्रत नव्या प्रतीवर चढते आणि त्या विद्यार्थिनीचे आठवड्याचे काम पुसले जाते. कामाबरोबरच, ते तिने केले होते याचा पुरावाही नाहीसा होतो.

हे टाळण्यासाठी ‘गिट’ ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. तिची मांडणी पुढीलप्रमाणे करावी :

१. प्रयोगशाळेतील एका संगणकावर सामाईक कोठार उघडावे.

२. प्रत्येकाने त्याची प्रत, म्हणजे ‘क्लोन’, घ्यावी व तीत स्वतःचे नाव नोंदवावे. एकच संगणक अनेकजण वापरत असल्यास नावाची खात्री अवश्य करावी; अन्यथा एकाचे काम दुसऱ्याच्या नावे लागते.

३. काम सुरू करण्यापूर्वी इतरांचे बदल ‘पुल’ करून घ्यावेत. एक लहान काम पूर्ण होताच कारणासह नोंद, म्हणजे ‘कमिट’, करावी व ती ‘पुश’ करून कोठारात पाठवावी.

प्रत्येक क्लोनमध्ये मागील इतिहासही येत असल्याने इंटरनेट बंद असतानाही कमिट करता येते. मुख्य संगणक बिघडला तरी सदस्यांच्या प्रतींतून कोठार पुन्हा उभे करता येते. मात्र परवलीचे शब्द त्यात कधीही ठेवू नयेत. पुढे खोडले तरी ते इतिहासात राहतात.

दोघांनी एकच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलल्यास गिट दोन्ही मजकूर समोर ठेवते व थांबते. कोणता ग्राह्य धरावा, हे सदस्यांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. यंत्र नोंद ठेवते. निर्णय माणसांचाच राहतो.

शिक्षकांनी मूल्यमापनाच्या वेळी हा इतिहास जरूर पाहावा. केवळ नोंदींची संख्या मोजणे योग्य नव्हे, कारण एका नोंदीमागेही अनेक दिवसांचे श्रम असू शकतात. प्रत्येक नोंदीत काय बदलले, हे वाचले म्हणजे गटात मागे बसून निमूटपणे काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा वाटाही स्पष्ट होतो. त्याचे श्रेय त्याला मिळवून देणे, हाच या नोंदवहीचा मोठा लाभ होय.