घोड्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या भाच्यास

भाचेबुवा, तालुक्यातल्या हौशी घोडेवाल्यांसाठी स्वस्तातलं प्रदर्शन भरवायचा तुझा बेत कळला. सारंगखेड्याला तापीकाठी लाखांची बोली लागणारे घोडे उभे राहतात, त्यांचं कौतुक करायला सगळा महाराष्ट्र असतो. आपल्याकडचा मालक निराळा. त्याच्या दावणीला एक घोडी, एक शिंगरू आणि शेजारी दोन म्हशी. त्याच्या जनावराकडे जाणत्या माणसाने पाच मिनिटं नीट बघितलं, तरी तो वर्षभर खूश असतो.

प्रदर्शन चांगलं झालं का, हे जिंकलेल्याला विचारू नकोस. हरलेला माणूस पुढच्या साली पुन्हा जनावर घेऊन आला, तर झालं म्हणायचं. बाकीचं लिहून देतो. आठवेल तसं लिहिलंय, सांभाळून घे.

१. तारीख पंचांग बघून धर, मुहूर्तासाठी नव्हे, लग्नतिथी टाळण्यासाठी – तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडच्या घोड्या वरातीत गुंततात, आणि सुपारी सोडून रिबिनीसाठी कोण येईल?

२. दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधले दिवस सोयीचे. फक्त अकलूजचा घोडेबाजारही त्याच सुमारास असतो, तिथे आधी चौकशी कर – पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणाऱ्यांना तुझ्याकडे रंगीत तालीम मिळते, म्हणून ते हौसेने येतील.

३. गायरानाची परवानगी ग्रामपंचायतीकडून लेखी घे, सरपंच आपलाच असला तरी – तोंडी परवानगीला मालक नसतो.

४. जागा ठरवण्याआधी तिच्यावर अनवाणी चालून बघ – जो खडा तुला टोचला तोच खुरात बसला, तर धडधाकट घोडा परीक्षकासमोर लंगडतो आणि मालकाचा राग तुझ्यावर निघतो.

५. रिंगण २० बाय ४० मीटर पुरतं. भोवती जाड दोरी आणि दोरीला रंगीत चिंध्या. काटेरी तार आसपासही नको – बुजलेला घोडा तार बघत नाही.

६. पाहुण्यांचं स्टेज, हार-तुरे, फेटे, सगळं काट. उद्घाटन हवंच असेल तर शेवटी ठेव – पाहुण्याची वाट, घोड्याला ताट. (म्हणजे जनावर उन्हात ताटकळतं आणि कंटाळून मागच्याला लाथ मारतं.)

७. डीजे नको, फटाके नकोत, ड्रोन तर मुळीच नको – ढोलाला सरावलेली वरातीची घोडी उभी राहील, पण शेजारचं शिंगरू दोरी तोडून थेट हायवे गाठेल.

आता दुखण्याखुपण्याचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वस्त करायच्या नादात लोक पहिली कात्री इथेच लावतात. ती स्टेजला लाव, मांडवाला लाव, इथे नको.

८. अर्जासोबत ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद माग, मालक सख्खा मेहुणा असला तरी – घोड्याचा हा रोग माणसालाही होतो, २००९च्या कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवावाच लागतो, आणि सापडलेल्या जनावरावर उपचार करत नाहीत, त्याला मारावंच लागतं.

९. पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर आधी जाऊन डॉक्टरांशी बोल – नमुना गोळा होऊन प्रयोगशाळेत जायचा, शंका आली तर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जायचा. आदल्या दिवशी काढलेल्या रक्ताचा काही उपयोग नाही.

१०. पाण्याचा एकच हौद भरून ठेवू नकोस, प्रत्येकाने आपली बादली आणायची आणि नळाखाली भरायची – एकाच्या नाकातलं पाणी हौदात उतरलं की ते सगळ्यांच्या पोटात जातं. ज्याचा घोडा, त्याची बादली. हे फलकावर मोठ्या अक्षरात लिही.

११. पाण्याचा हिशेब दिवसाला घोड्यामागे ३० ते ४० लिटर धर, उन्हात त्याहून जास्त – टँकर दुपारी संपला तर बादलीचा नियम कोणीच पाळणार नाही.

१२. नाक वाहणारं, खोकणारं जनावर गाडीतून उतरवायच्या आधीच परत पाठव, पण प्रवेश फी पूर्ण परत दे – फी बुडत नाही हे माहीत असलं की मालक दुखणं लपवत नाही. तुझ्या खर्चात यापेक्षा स्वस्त औषध नाही.

१३. धनुर्वाताची लस झालेली आहे का, एवढं तरी सगळ्यांना विचार – घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि गंजका खिळा मैदानात कुठेतरी असतोच.

१४. वळू घोडे एका टोकाला आणि घोड्या दुसऱ्या टोकाला बांध, घोडे वारा येतो त्या अंगाला – माजावर आलेल्या घोडीचा वास वाऱ्याबरोबर पलीकडे गेला, तर अगाडी-पिछाडी कितीही पक्की असो, मोतद्दाराचे हात सोलवटणार.

१५. काटेरी लगाम दिसला तर गोड बोलून काढायला लाव – तो नियमातच मना आहे, आणि तोंडातून रक्त येणारा घोडा रिंगणात शोभत नाही.

वर्ग पाडणं ही खरी मजा. इथे तुझ्यासारख्या उत्साही माणसाला आवरायला हवं. वर्ग थोडे ठेव. प्रत्येकाला काहीतरी मिळावं म्हणून वर्ग वाढवत गेलं की रिंगणात दोन-दोन घोडे उरतात आणि दुसरा नंबर म्हणजे शेवटचा नंबर होतो.

१६. वर्ग वयाने कर, आणि वय दातांवरून ठरव: अदंत, दोन दाती, चार दाती, जुळलेले – पहिले पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, दुसरी जोडी साडेतीनला, तिसरी साडेचारला; मालकाची आठवण पुढेमागे होते, दाताची होत नाही.

१७. दात डॉक्टरांनीच बघायचे, आणि गेटवरच – रिंगणात जबडा उघडायला गेलास तर निम्मा वेळ भांडणात जाईल.

१८. भीमथडीला वेगळा वर्ग दे, मारवाडी-काठेवाडीत मिसळू नकोस – ते बुटकं, काटक तट्टू धनगरांचा आख्खा संसार पाठीवर घेऊन चराईमागे चालतं. कानांची टोकं जुळतात का आणि उंची किती, या मापाने ते दरवर्षी शेवटीच येणार. त्याच्या वर्गात पाठ बघ, खूर बघ, ओझं घेऊन सरळ चालतं का ते बघ. या जातीची आता सरकारदरबारी नोंदही झाली आहे, तेव्हा धनगरवाड्यांवर स्वतः जाऊन आवतण दे. छापील पत्रिकेवर ते येणार नाहीत.

१९. ‘कामाची घोडी’ असा एक वर्ग ठेव. अनोळखी माणसाने जवळ जायचं, चारी पाय एकेक उचलायचे, वर बसायचं, उतरायचं – देखण्या जनावरांच्या गर्दीत गरीब मालकाची शहाणी घोडी इथे वर येते, आणि या वर्गाला खर्च शून्य.

२०. शिंगरांचा वर्ग सकाळी पहिला, आणि आई सोबत – थकलेलं शिंगरू बसकण मारतं, आईविना आणलेलं किंचाळतं, आणि मग दुसरं कोणाचंच काही ऐकू येत नाही.

२१. उंची फरशीवर किंवा टणक सपाट जागेवर माप, एकाच काठीने, एकाच माणसाने – मऊ मातीत खूर रुततो, आणि आपल्याकडे इंचाइंचावर किंमत ठरते.

२२. भोवऱ्यांना गुण देऊ नकोस – कपाळावरची भोवरी शुभ की अशुभ यावर बाजारात सौदे मोडतात, ते बाजारात मोडू देत. मला विचारशील तर भोवरीने कुठलाही घोडा कधी लंगडा झालेला नाही.

२३. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातला आण, आणि त्याच्या वळूची शिंगरं रिंगणात नाहीत ना, हे आधी विचार – बापाच्या मालकाने लेकराचा निकाल लावला, तर तो कितीही खरा असला तरी खोटाच.

२४. प्रत्येक घोडा परीक्षकापासून सरळ दूर आणि सरळ परत चालव, आधी चालीत, मग दुडक्या चालीत, सगळ्यांना सारखं अंतर – उभ्या घोड्यातली खोट झूल झाकते, चालत्या घोड्यातली झाकत नाही.

२५. निकालासोबत परीक्षकाने माइकवर कारण सांगायचं, पहिल्याचंही आणि शेवटच्याचंही. शेवटच्याबद्दल आधी एक चांगली गोष्ट, मग एक सुधारण्यासारखी: खुरं वाढलीत, नालबंदाकडे लवकर जा, किंवा पुढचे पाय आत वळतात, पुढच्या वेळी घोडी दाखवताना सरळ पायांचा वळू शोध – कारण कळलं की हरलेला माणूस घरी जाऊन परीक्षकाला शिव्या देत नाही, घोड्याकडे बघतो. भाचेबुवा, तिसांपैकी हा एकच नियम पाळलास तरी मला चालेल.

२६. बक्षीस ढालीचं नको. चंदीचं पोतं दे, चांगला खरारा दे, झूल दे – ढाल कपाटावर धूळ खाते, चंदी घोडा खातो. खोगीर-लगामवाल्या दुकानदाराकडे रोख मागू नकोस, वस्तू माग. तो हसत देईल.

२७. प्रवेश फी जनावरामागे एकच ठेव, वर्गामागे नको, आणि शिंगरू आईच्या फीत – मोजत बसलं की पैशाचा नव्हे, मनाचा हिशेब बिघडतो.

२८. सगळं एका दिवसात आटप, दुपारी तीनच्या आत – मुक्काम आला की दिवे, राखण, वैरण आणि रात्रीच्या गप्पा, आणि खर्चातली सगळी बचत त्या गप्पांत जाते.

२९. त्याच संध्याकाळी जमा-खर्च फळ्यावर लिही, शिल्लक दहा रुपये असली तरी – पैसा दिसला की अफवा बसते.

३०. घोडे गेल्यावर पोरांना घेऊन मैदान फिर, खिळे, तारा, दोरीचे तुकडे वेच – दुसऱ्या दिवशी तिथे गावाची गुरं चरणार. लीद मात्र फेकू नकोस. शेजारच्या वावरवाल्याला ट्रॉली भरून दे, पुढच्या साली गाड्या लावायला जागा तोच देईल.

आणि मला बोलावशील तेव्हा पुढच्या खुर्चीवर बसवू नकोस. गेटवर एक स्टूल दे. नाकं बघायला मी पुरेसा आहे, आणि फी परत देण्याची पेटी माझ्याजवळच ठेव.