दोन मोटारी आणि एक न छापलेला आकडा

आमच्या घरात सायकलीपलीकडे वाहन नाही. तरी मोटारींचे तक्ते वाचण्याचा मला नाद आहे. रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोचे इंजिन १९७० पासून ६७५० घनसेंटिमीटरचे. १९७५ साली आलेल्या मर्सिडीझ ४५० एसईएल ६.९ चे ६८३४. दोन्ही आठ सिलिंडरांची. फरक नगण्य! पण मर्सिडीझ २८६ अश्वशक्ती, ताशी २२५ किलोमीटर असे रोखठोक छापी. रोल्स-रॉईस अश्वशक्ती सांगतच नसे, म्हणे ‘पुरेशी’. हा खानदानी तोरा झाला. शिकणारी पहिलीच पिढी आमची; आम्हांला गुणपत्रिका दाखवावीच लागते. माझे मत मर्सिडीझला. ओझ्याने गाडी कलू नये म्हणून द्रवदाबाची योजना मात्र दोघींतही. सिल्व्हर शॅडोत ती फ्रान्सच्या सित्रोएनकडून परवान्याने घेतलेली होती.