जागरण आणि तोल

सबमिशनच्या आदल्या रात्री 'नाइट' मारली नाही असा एकही जण होस्टेलवर सापडायचा नाही. पहाटे टपरीवर कटिंग घेतला की आपण एकदम फ्रेश, असं मलाही वाटायचं. आमच्या प्रोजेक्टने तो समज खोडून काढला.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात व डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के! पण दारू यंत्रात फुंकून कळते. झोप कशी मोजायची?

एक मार्ग म्हणजे तोल. ताठ उभे असतानाही आपण किंचित डुलत असतो. डोळे, आंतरकर्ण आणि पायांचे स्नायू-सांधे यांच्याकडून आलेली माहिती जुळवून मेंदू आपल्याला सावरत असतो. झोप अपुरी असली की हे सावरणं ढिलं पडतं, डुलणं वाढतं.

आमचा सेटअप साधा होता. प्लायवूडची चौरस फळी, चार कोपऱ्यांखाली चार लोडसेल, शेजारच्या दोन सेलमधलं अंतर ४० सेंमी. समजा उजव्या दोन सेलवर मिळून ३१ किलो आणि डाव्या दोनवर २९ किलो आले, तर दाबकेंद्र मध्यापासून उजवीकडे २० × (३१ − २९) ÷ ६०, म्हणजे सुमारे ०.६७ सेंमी सरकलं. पुढे-मागेही हाच हिशेब. एक मिनिट डोळे मिटून, अनवाणी उभं राहायचं. स्क्रीनवर दाबकेंद्राची वाट उमटते. उंची, वजन, दिवसाची वेळ यांनी आकडे बदलतात. म्हणून तुलना दुसऱ्याशी नाही, झोप झालेल्या दिवशीच्या स्वतःशीच करायची.

जर्नल पूर्ण केल्याच्या सकाळी मी बाइकने गावी निघालो होतो. पार्टनर म्हणाला, "जाता जाता एक रीडिंग देऊन जा." उभा राहिलो. माझ्या नेहमीच्या छोट्या ठिपक्याच्या जागी हा भला मोठा गुंता!

"सेल गंडलाय," मी म्हणालो.

त्याने काही न बोलता फळीवर २० किलोचं वजन ठेवलं. ठिपका जागचा हलला नाही. सेल ठीक होते, गंडलो होतो मी. आणि मला तर अगदी फ्रेश वाटत होतं!

किल्ली त्याच्याकडे दिली, एसटी पकडली. गाव कधी आलं कळलंच नाही. कंडक्टरने हलवून उठवलं.