सामाईक विहिरीवरचा उन्हाळी भाजीमळा : बी टोचण्याआधी पाळी ठरवा



गळीत हंगाम उतरणीला लागला की शेतकऱ्यामागे दोन कामे एकदम लागतात. तुटलेल्या उसाचा खोडवा धरायचा आणि सुरू लागणीचा ऊस उन्हाळ्यासाठी तयार करायचा. या गडबडीत घरच्या भाजीकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग चैत्र-वैशाखात होते काय, तर ज्याच्या वावरात दोन एकर ऊस उभा आहे तोच कास्तकार आठवडी बाजारात पाव किलो भेंडीचा भाव विचारत फिरतो, आणि घरात चार दिवस डाळ व तीन दिवस बेसन अशी पाळी लागते.

एकट्या घराला थोडीशी भाजी लावणे जड जाते. तेवढ्यासाठी वेगळे कुंपण, वेगळी राखण आणि मोटर वेगळी सुरू करणे परवडत नाही. म्हणून एका विहिरीवरच्या चार-पाच घरांनी मिळून एकच भाजीमळा करावा, हे आपल्या भागाला सोयीचे आहे. भावकीच्या सामाईक विहिरी आपल्याकडे गावोगाव आहेत.

असे मळे मी कार्यक्षेत्रात फिरताना पाहिले आहेत. त्यातले जे मोडले ते कीड-रोगापेक्षा भांडणानेच जास्त मोडले. एका गावी पाच घरांनी हौसेने मळा केला. एप्रिलात भेंडी फुलावर आली, पण पाणी दांडाच्या तोंडाशी असलेल्या दोन घरांनाच पुरे. शेपटाकडची बाई काही दिवस घागरीने पाणी घालत होती, मग तिने येणे सोडले. मे महिन्याच्या मध्यावर मळ्यात बकऱ्या चरत होत्या. एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण तेच भांडण पुढे उसाच्या पाळीवर गेले आणि शेपटाकडचा ऊस पावसाळ्यापर्यंत निम्मा वाळला. म्हणून भाजीमळ्याच्या लेखात या वेळी बियाण्याआधी पाळीचे बोलतो.

पवनारचा रहाट

सामाईक भाजीमळ्याचा एक धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९३८ साली विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी येऊन राहिले. १९५० साली त्यांनी तेथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावर न विसंबता आपल्याला लागणारे अन्न आपल्या हाताने पिकवायचे, ही त्यामागची कल्पना. बैलाशिवाय, कुदळ-फावड्याने केलेल्या या शेतीला ऋषिशेती असे नाव मिळाले. विहिरीच्या रहाटाला आडव्या दांड्या लावून आश्रमातील माणसेच तो फिरवीत आणि फिरताना गीताई म्हणत. पुढे १९५१ साली विनोबा पदयात्रेला निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, त्याआधीचा हा भाजीचा मळा मात्र फारसा आठवला जात नाही.

आज कोणी रहाट ओढावा असे मी म्हणत नाही. पण त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दांडीला सर्वांचा हात असला की पाणी किती निघाले आणि कोणाच्या वाफ्यात गेले हे सर्वांना दिसते. आता मोटरचे बटण एकाच्या हातात असते, आणि बाकीच्यांना सरी कोरडी पडल्यावरच कळते. त्या दांडीची जागा आता लेखी पाळीने घेतली पाहिजे.

आपला वसंत लवकर संपतो

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळा सरल्यावर मार्च-एप्रिलात भाजीची लागण सुरू होते. आपल्याकडे तोवर लागण संपलेली पाहिजे. वर्ध्याकडे पळस फुलतो तेव्हा दुपारचे ऊन चटके देऊ लागलेले असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्याआधी मुळे खोल गेली पाहिजेत. म्हणून संक्रांतीनंतर जमीन तयार करावी, माघात बी टोचावे, आणि होळीच्या आत शेवटचे बी मातीत गेले पाहिजे. उशीर झाला तर वेलांवर नर फुलेच जास्त येतात आणि फळ कमी धरते. टमाटरची फुले ३५ अंशांच्या वर गळू लागतात. त्याची रोपे जानेवारीत लागली नसतील तर त्या वर्षी टमाटर सोडून द्यावे.

जागा किती व आखणी कशी

इंग्लंडात गावातील संस्थेने लोकांना भाजीसाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने द्यावेत असा कायदा १९०८ साली झाला. तेथील तुकड्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. त्यांना वरचा पाऊस साथ देतो. आपल्याला विहिरीचे पाणी मोजून वापरायचे आहे, तेव्हा एका घराला पावणेदोन गुंठे पुष्कळ झाले. पाच घरे धरली तर १० गुंठ्यांच्या मळ्यात पावणेनऊ गुंठे पिकाला जातात, आणि उरलेल्या सव्वा गुंठ्यात दांड, पायवाट व कडेचा आडोसा बसतो.

मुख्य दांड उंच बाजूने काढावा आणि प्रत्येकाचा पट्टा त्या दांडाला आडवा, उतारापर्यंत घ्यावा. असे केले म्हणजे प्रत्येक पट्ट्याचे तोंड दांडाला लागते. कोणाला कोणता पट्टा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. वेलभाज्या सर्वांनी आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला एका रांगेत लावाव्यात, म्हणजे पाच घरांना मिळून एकच मांडव पुरतो आणि तार-बांबूचा खर्च वाचतो. पश्चिम व दक्षिण बाजूला शेवरी किंवा मका दाट लावावा. त्याने गरम वारा अडतो.

गुंठ्याला दोन क्विंटल चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कारखान्याचे प्रेसमड घालायचे असेल तर ते पूर्ण कुजलेले असावे. ताज्या प्रेसमडची उष्णता रोपांना सोसत नाही. उसाला देतो तसा युरियाचा मारा भाजीला करू नये. झाड नुसते पानाळते आणि त्यावर रसशोषक किडी धावतात.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब सर्वांनी एकदा बसून करावा. एका गुंठ्याला दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ५,००० लिटर लागते. १० गुंठ्यांना ५०,००० लिटर. आता आपला पंप किती पाणी फेकतो ते बघा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरत असेल तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर झाले. म्हणजे पूर्ण मळ्याची पाळी सुमारे पावणेतीन तासांत होते आणि एका पट्ट्याच्या वाट्याला अर्धा तास व वर दोन-चार मिनिटे येतात.

एक एकर उसाला एका पाळीत तीन इंच पाणी दिले तर सुमारे ३ लाख लिटर लागते. दहा दिवसांची पाळी धरली तर महिन्याला ९ लाख लिटर. भाजीला सहा दिवसांची पाळी धरली तर १० गुंठ्यांना महिन्याला अडीच लाख लिटर लागेल. तेवढ्याच जागेवरचा ऊस सव्वादोन लाख लिटर घेतोच. तेव्हा 'भाजीने उसाचे पाणी खाल्ले' हे म्हणणे खरे नाही. फक्त भाजीला ते थोडे थोडे आणि वेळेवर लागते.

त्यातही बचत करता येते. एकरी तीन ते चार टन पाचट आपल्याच वावरात पडते. ते पेटवू नका. खोडव्यात सरीआड पसरा आणि त्यातले चार भारे मळ्यात आणून ओळींमध्ये अंथरा. ओल टिकते, तण दबते. जेथे वाळवीचा त्रास आहे तेथे पाचट रोपाच्या बुडाला भिडवू नये.

काय लावावे

१) भेंडी : गुंठ्याला १२० ते १५० ग्रॅम बी रात्रभर भिजवून ३० बाय १५ सेंटिमीटरवर टोचावे. परभणी क्रांतीसारखी वाण घ्यावी. दीड महिन्यात तोडा सुरू होतो. एक दिवसाआड तोडावी, चांगल्या निगेत गुंठ्याला क्विंटलभर निघते.

२) गवार व चवळी : कमी पाण्यावर तग धरतात. गवारीत पुसा नवबहार व चवळीत पुसा फाल्गुनी ही जुनी ओळखीची नावे. फाल्गुनी तर नावातच पेरणीचा महिना सांगते.

३) काकडी, दोडका, कारले, ढेमसे : आळे करून एका आळ्यात तीन-चार बिया टोचाव्यात आणि दोन जोमदार रोपे ठेवावीत. फळ धरण्यासाठी मधमाशी लागते, म्हणून फुलोऱ्यात सकाळी फवारणी करू नये.

४) चवळाई, अंबाडी व सांबार : सांबार मांडवाच्या सावलीतच घ्यावा, उघड्यावर तो उन्हाने जातो.

एकाचा हलगर्जीपणा सर्वांना बाधतो

भेंडीवरचा हळद्या, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, पांढरी माशी पसरवते. माशीला धुरा कळत नाही. रोगट झाड दिसले की ते कोणाच्याही पट्ट्यातले असो, उपटून पुरावे, असे सर्वांनी आधी कबूल करावे. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातील. कपाशीतली ठिपक्यांची बोंडअळी हीच भेंडीत शेंडे व फळे पोखरते. तेव्हा जवळच्या वावरात जुनी पऱ्हाटी उभी ठेवून मळा करू नये.

पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, गाळून १०० लिटर पाणी करावे. कोणी औषध फवारलेच तर पट्ट्यावर लाल चिंधी बांधावी आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत कोणी तोडा करू नये.

ऊसवाल्यांना एक खास सूचना. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या तणांसाठी आहे, आणि भेंडी, वेल व कपाशी या सर्व रुंद पानाच्याच. मळ्याकडे वारा असताना उसात ते मारू नये, आणि तो पंप भाजीला वापरू नये. ज्या वावरात नुकतेच अॅट्राझीन मारले आहे तेथे मळा घेऊच नये.

वहीत लिहायच्या पाच गोष्टी

बी आणण्याआधी पाचही घरांनी बसून शंभर पानी वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात व सह्या-अंगठे करावेत.

१) पाळीचा दिवस आणि प्रत्येक पट्ट्याची मिनिटे. वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात पाणी कोण देणार, हेही लिहावे.

२) एक पाळी वरच्या पट्ट्यापासून, तर पुढची खालच्या पट्ट्यापासून सुरू करावी. त्यामुळे वीज मध्येच गेली तरी दर वेळी एकच घर कोरडे राहत नाही.

३) विजेचे बिल व मोटर दुरुस्ती यांची वाटणी.

४) राखणीचे दिवस, आणि बाहेरगावी गेलेल्याचे पाणी कोण देणार.

५) विहीर उतरली तर काय सोडायचे. माझा क्रम असा : आधी काकडी व पालेभाजी, मग जुनी झालेली भेंडी, आणि शेवटपर्यंत गवार-चवळी. उसालाही त्या वेळी एक आड एक सरी पाणी द्यावे. हे मे महिन्यात ठरवू म्हणाल तर ठरत नाही, कारण तेव्हा प्रत्येकाचे उभे पीक डोळ्यांपुढे असते.

या बैठकीला घरच्या बायकांना बोलवा. मळ्यावर रोज जाते ती बहुधा बाई, आणि पाळी ठरवतात पुरुष. जिला रात्री अकराला सरी फोडायची आहे तिला न विचारता रात्रीची पाळी लिहू नये. शाळकरी पोराकडे वही द्यावी, त्याने रोजच्या तोड्याचे वजन लिहावे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये बागकाम आणि त्याचा हिशेब हा मुलांच्या शिक्षणाचाच भाग होता.

सभासद बंधूंनो, ज्या पाच घरांना १० गुंठ्यांची पाळी जमली त्यांना एप्रिल-मेमध्ये उसाची पाळीही जमते. ज्यांना भाजीची जमली नाही त्यांचा ऊसही कोणा एकाचा वाळतो आणि वजनकाट्यावर ते दिसते. वही घालून मळा करणाऱ्या सभासदांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे निरोप द्यावा. आखणीच्या दिवशी टेप घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी