लातूर रोड : तीन वाटांचे स्टेशन

लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात, लातूर रोड नावाचे स्टेशन आहे. स्टेशन तसे लहान; पण ते जंक्शन आहे. जंक्शन म्हणजे काय? गावाबाहेर फाटा असतो. तिथे वाटा फुटतात. तसाच रुळांचा फाटा म्हणजे जंक्शन.

लातूर रोडला तीन वाटा फुटतात. एक वाट लातूर, धाराशिव, बार्शीवरून कुर्डुवाडीला जाते. दुसरी उदगीर, भालकी, बीदरवरून विकाराबादला जाते. तिसरी पानगाव, घाटनांदूरवरून परळी वैजनाथला जाते. तीच पुढे गंगाखेडवरून परभणीला पोचते. परभणी हेही जंक्शन. तिथून एक वाट मनमाडकडे आणि एक पूर्णेकडे. पूर्णा पुन्हा जंक्शन! तिथून नांदेडला जाता येते, तसेच हिंगोलीवरून अकोल्यालाही.

आता नावाचे बघू. लातूर वेगळे आणि लातूर रोड वेगळे. दोहोंत तीस-पस्तीस किलोमीटरांचे अंतर आहे. "रोड" म्हणजे त्या गावाला जायची वाट जिथून निघते ते ठिकाण. कुर्डुवाडी स्टेशनालाही पूर्वी बार्शी रोड म्हणत.

आमच्या ओळखीचा एक शेतकरी उदगीरहून निघाला. लातूरला भाचीचे लग्न होते. डब्यात कोणी म्हणाले, "आलं लातूर." हा गडबडीने उतरला आणि स्टेशनाबाहेर गेला. पिवळ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत "लातूर रोड" लिहिले होते. त्याला वाचता येत नव्हते. रात्र झाली होती. फलाटावर लातूरची गाडी उभी होती, तीही निघून गेली. सकाळी तो मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाचीला बोहल्यावर मामाने आणायचे. तिला दुसऱ्याच कोणी आणले. पुढे तो आमच्या वर्गात आला. म्हणाला, "गुरुजी, मला आधी 'रोड' लिहायला शिकवा."

लातूरला रेल्वे आली ती बार्शी लाइट रेल्वेची, १९११ साली. तिचे रूळ अरुंद होते. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या गाडीच्या रुळांत ते साडेपाच फूट असते. म्हणून मोठी गाडी त्या रुळांवर चालत नसे. कुर्डुवाडीला माणसे गाडी बदलत आणि पोती हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जात. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी रूळ रुंद झाले.

त्याचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. रूळ अरुंदच राहिले असते, तर त्या मोठ्या टाक्या लातूरपर्यंत आल्याच नसत्या.

जपानच्या टोकियो शहरात शिंजुकू नावाचे जंक्शन आहे. फार गर्दीचे. बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा आहेत. तिथेही माणूस पाटी वाचूनच वाट काढतो.

म्हणून प्रवासात एवढे ध्यानात ठेवावे. तिकिटावरचे गावाचे नाव स्वतः वाचावे. गाडी कुठे बदलायची ते आधी विचारावे. १३९ क्रमांकावर फोन करूनही गाडीची माहिती मिळते. उतरण्याआधी पाटी पुरी वाचावी, पहिला शब्द वाचून थांबू नये. काही जंक्शनांवर इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडतात. मग गाडी उलटी चालली असे वाटते. घाबरू नये.

पाटी लहान असते. पण ती न वाचल्याने झालेली चुकामूक कधी कधी जन्मभर सलते.

प्रश्न
१. लातूर रोडहून कोणत्या तीन वाटा फुटतात?
२. मामाला लग्नाला उशीर का झाला?
३. तुमच्या जवळच्या स्टेशनाचे नाव पाटीवर असते तसे मोठ्या अक्षरांत लिहा.