फोन उचलणाऱ्याची पाळी



रात्रीची लाईट आली की आपण उसाला पाणी भरायला मळ्यात जातो. पहाटे तीनला बांधावर साप चावला, तर घरचे लोक १०८ किंवा ११२ लावतात. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली, ११२ क्रमांक २०२१ साली. मालेगाव तालुक्यातून लावलेला ११२ चा फोन मालेगावात वाजत नाही. नवी मुंबईतील महापे किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो. तिथल्या माणसाला आपला मळा ठाऊक नसतो. ‘वडनेर’ म्हटले तर खाकुर्डीजवळचे की चांदवडकडचे वडनेर भैरव, हे विचारून घ्यायला कान जागा लागतो.

पण पहाटे तीन ते पाच शरीर झोपच मागते. शरीरातल्या या घड्याळावरील संशोधनास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून अशा कामाच्या पाळ्या लावताना चार गोष्टी पाळाव्यात, असे आम्हास वाटते.

एक : पाळी पुढे सरकवावी, सकाळ, दुपार, मग रात्र. उलटी फिरवली तर झोपेची घडी बसत नाही.

दोन : ओळीने तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा तास मोकळे असावेत.

तीन : रात्रपाळीत वीस मिनिटांची डुलकी घेऊ द्यावी. तो कामचुकारपणा नव्हे.

चार : लेकरू दगावल्याचा फोन ऐकलेल्या माणसाला लगेच दुसरा फोन देऊ नये. थोडा वेळ बाहेर बसू द्यावे, सोबत्याशी बोलू द्यावे.

आपल्याकडूनही काही व्हावे. फोनवर आधी तालुका, गाव, मळा आणि जवळची खूण सांगावी. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये. साप चावलेल्यास चालवू नये. पोरांच्या खेळात लागलेला रिकामा फोनही कुणाला तरी उचलावाच लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

गळीत हंगामात आपल्या गव्हाणीवर आणि वजनकाट्यावरही माणसे रात्र रात्र जागतात. वार्षिक सभेत आपण उतारा विचारतो, भाव विचारतो; या पाळ्या कशा लावल्या आहेत, हेही एकदा विचारावे. दमलेला बैल आपण औताला जुंपत नाही. मग माणसाला तरी का जुंपावे?